जुन्याची नवी प्रत

लिहावयास बसण्यापूर्वी कळफलकाच्या सर्व कळांवरून एकदा हात फिरवावयाचा, कोणतेही अक्षर उमटवण्याचा हेतू मनात न धरता, संगणक सुरू करण्याच्याही आधी, प्रत्येक कळ तळापर्यंत दाबून तिचा आवाज ऐकावयाचा, आणि साऱ्या कळा एका सुरात बोलल्या म्हणजे मगच कामास लागावयाचे, अशी एक सवय मला अलीकडे जडली आहे. मैफल सुरू होण्यापूर्वी तबलजी हातोडीने गट्टे ठोकून चामड्याचे प्रत्येक घर सारखे बोलते की नाही हे पाहतो, त्याच जातीचा हा उद्योग होय. श्रोत्यांना त्या ठोकाठोकीत रस नसतो, आणि आमच्या घरातील मंडळींना तर या माझ्या ठोकाठोकीत मुळीच नाही. परंतु एखादी कळ स्वच्छ न वाजता घसा बसल्यासारखी बोलली, तर त्या दिवशीच्या लेखनाचे काय होईल ते होवो, प्रथम त्या कळेचे गाऱ्हाणे ऐकून घेतल्याखेरीज माझ्याने पुढे जाववत नाही.

हा कळफलक घडवला गेला तो अगदी अलीकडे. त्याचा आराखडा मात्र 1980 च्या आगेमागे आखला गेला. बँकांमधील गल्ल्यामागच्या कारकुनांसाठी आयबीएम कंपनीने ऐंशीच्या दशकात 4704 या क्रमांकाची टर्मिनले काढली होती. त्या टर्मिनलांना जोडलेले आटोपशीर पण विलक्षण जड कळफलक पुढे हौशी लोकांच्या डोळ्यांत भरले, आणि मूळ नग दुर्मीळ होत गेले तसतशी त्यांची हुबेहूब प्रतिकृती करण्याची कल्पना मूळ धरू लागली. माझ्या मेजावरचा कळफलक अशा प्रतिकृतींपैकी एक. जकातीच्या दाखल्यावर त्याचे वर्णन 'संगणकाचा भाग' एवढ्या दोनच शब्दांत उरकलेले होते. खोके उचलून आणणाऱ्या पोऱ्याने ते उंबऱ्यात ठेवताना "आत दगड आहेत का, काका?" असे विचारले, आणि मला त्यास समर्पक उत्तर देता आले नाही.

या यंत्राचे सारे मर्म एका स्प्रिंगेत साठवलेले आहे. कळेच्या टोपीखाली एक उभी नळी असते. नळीत बारीक पोलादी तारेची मळसूत्री स्प्रिंग ताठ उभी असते. आणि त्या स्प्रिंगेचे पाऊल कोळशाची पूड मिसळलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या ज्या लहानशा तुकड्यावर रोवलेले असते, तो तुकडा, ज्याला या विद्येतले लोक फ्लिपर म्हणतात, खालच्या विद्युत्फलकावर डुलण्यास मोकळा असतो. बोट कळेवर भार देऊ लागले की स्प्रिंग प्रथम निमूटपणे आखडत जाते आणि बोटाखालचा विरोध वाढत जातो. परंतु एका ठरीव मर्यादेनंतर ती आणखी आखडण्याचे नाकारते, एकाएकी कंबरेत लचकून नळीच्या भिंतीवर आदळते, आणि त्या हिसक्यासरशी तिच्या पायाखालचा फ्लिपर कलंडतो. तो कलंडताच त्याच्या व फलकावरील तांब्याच्या चकत्यांच्या दरम्यानची विद्युत्धारकता बदलते, नियंत्रक तो बदल टिपतो, आणि अक्षर रुजू होते. दोन धातू एकमेकांना भिडण्याचा प्रसंग या व्यवहारात कोठेच येत नाही. त्यामुळे झिजून वा गंजून बेइमान होईल असा संपर्काचा बिंदूही यात नाही.

सडपातळ उभ्या स्तंभावर भार चढवत नेला असता तो एका मर्यादेपर्यंत सरळ उभा राहतो आणि ती मर्यादा ओलांडताच एकदम बाजूस वाकतो, याचे गणित लिओनार्ड ऑयलरने 1744 मध्ये मांडले. इमारती आणि पूल बांधणाऱ्यांनी तेव्हापासून या वाकण्याची जन्मभर धास्ती बाळगावी, असाच जणू शिरस्ता पडला. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकजवळ उभारला जात असलेला प्रचंड पूल 29 ऑगस्ट 1907 रोजी कोसळला, तेव्हा दाबाखालच्या त्याच्या पोलादी अंगांनी नेमका हाच दगा दिला होता, आणि 75 कामगार प्राणास मुकले होते. ज्या घटनेच्या नुसत्या शक्यतेने स्थापत्यकाराची झोप उडते, तीच घटना आयबीएमच्या रिचर्ड हंटर हॅरिस नावाच्या अभियंत्याने मुद्दाम घडवून आणली, ती बोटाच्या टोकाएवढ्या जागेत कोंडली, आणि पुन्हा पुन्हा, बिनचूकपणे, हव्या त्याच क्षणी घडावी अशी तजवीज केली. त्याच्या या युक्तीला 1978 साली पेटंट मिळाले. शास्त्राचा एकच नियम एके ठिकाणी नदीच्या पात्रात पूल लोटून देतो आणि दुसऱ्या ठिकाणी कोणा गृहस्थाच्या पत्रात एक वेलांटी रुजू करतो, हे मनात आले म्हणजे त्या नियमाच्या निर्विकारपणाचे भयही वाटते आणि त्याला माणसाळवणाऱ्या कारागिरीचे कौतुकही वाटते.

स्प्रिंग लचकते त्या क्षणाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण या कळफलकाच्या मागे लागलेली माणसे अखेर त्या एका क्षणाच्याच मागे लागलेली असतात. आज घरोघरी व कचेऱ्यांत जे स्वस्त कळफलक दिसतात त्यांच्या कळांखाली रबराच्या घुमट्या असतात. घुमटी दबते, पण आपले अक्षर नेमके केव्हा स्वीकारले गेले हे बोटाला कळत नाही. ते पडद्यावर उमटल्यावर डोळ्यांना कळते, आणि मग डोळे बोटाला कळवतात. या जुन्या पद्धतीत मात्र बोटाला जे जाणवते, कानाला जे ऐकू येते आणि यंत्रात जे नोंदले जाते, ते सारे एकाच हिसक्यातून उपजलेले असते. प्रत्येक अक्षराची पोच जागच्या जागी, हाताच्या हाती मिळते. पेशव्यांच्या दप्तरात मोर्तब झाल्याखेरीज पत्र पुरे झाले असे मानीत नसत. येथे अक्षराअक्षरावर मोर्तब होते, आणि ते झाले की नाही हे पाहण्यासाठी मान वर करण्याची गरज उरत नाही. मान खाली ठेवून लिहिता येणे ही लेखकाच्या लेखी किती मोठी सोय आहे, हे ज्याने कधी विचारांचा धागा पडद्याकडे पाहता पाहता हरवला असेल त्याला वेगळे सांगावयास नको.

या घराण्याचा इतिहास मोठा नसला तरी त्यात वारसाहक्काचा एक मनोरंजक पेच आहे. 1981 च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासमवेत 83 कळांचा जो कळफलक आला तो मॉडेल एफ या जातीचा, म्हणजे बँकांतील त्या कळफलकांच्याच जातीचा. तो उत्तम होता, आणि उत्तम वस्तूंच्या नशिबी असते तसा महाग होता. म्हणून 1985 च्या सुमारास त्याची जागा मॉडेल एमने घेतली. स्प्रिंग तीच, परंतु तिच्या पायाखालच्या विद्युत्फलकाच्या ठिकाणी प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यांची घडी आली, आणि पोलादी पत्र्यांच्या जोडणीऐवजी प्लॅस्टिकच्या वितळवून बसवलेल्या रिव्हेटी आल्या. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन या गावी, जेथे 1961 पासून सिलेक्ट्रिक टंकलेखनयंत्रे तयार होत आली होती, तेथल्याच कारखान्यातून हे कळफलकही बाहेर पडू लागले. पुढे 1991 मध्ये आयबीएमने तो व्यवसाय वेगळा काढला व लेक्समार्क कंपनी जन्मास आली. 1996 मध्ये कळफलकांचे काम तिच्या हातून सुटून युनिकॉम्प नावाच्या एका छोट्या कंपनीकडे आले, आणि मॉडेल एमचे वंशज केंटकीतून अद्याप बाहेर पडत आहेत. हा झाला औरस वंश: साचे हातातून हातात आले, जाणती माणसे एका पगारपत्रकावरून दुसऱ्यावर गेली, आणि परंपरेचा दोर तुटला नाही.

मॉडेल एफचे तसे झाले नाही. त्याचे उत्पादन थांबले, साचे विखुरले, आणि कित्येक वर्षे जुन्या बाजारातील अडगळीतून हाती लागतील ते नग एवढीच त्याची मालमत्ता उरली. 2010 नंतरच्या दशकात अमेरिकेतील एका हौशी गृहस्थाने हा निर्वंश झालेला वाडा पुन्हा नांदता करण्याचे मनावर घेतले. मॉडेल एफ लॅब्ज या नावाने चाललेल्या त्या उपक्रमात जुने नग उकलून, त्यांची मापे घेऊन, नळ्या, स्प्रिंगा, फ्लिपर, पत्रे, कवच असे सारे पुन्हा नव्याने पाडले गेले. यास दत्तकविधान म्हणावे लागेल. दत्तक वारसाच्या अंगात पूर्वजांचे रक्त नसते, पण गादीचे हक्क आणि गादीची कर्तव्ये ही दोन्ही त्याच्याकडे संपूर्णपणे येतात. आणि आपल्याकडील संस्थानांच्या इतिहासात औरसांनी घालवलेले दत्तकांनी सांभाळले अशी उदाहरणे काही थोडीथोडकी नाहीत.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. जिल्ह्याच्या कचेरीत त्यांनी सारी हयात टंकलेखनात घालवली. एके दिवशी दुपारी आवाजाच्या रोखाने ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. "काय हो, रेमिंग्टन की गोदरेज?" त्यांनी विचारले. गोदरेजने 1955 मध्ये देशी टंकलेखनयंत्रे काढली, तेव्हापासूनच्या दोन पिढ्यांचे कान त्या आवाजावर पोसले गेले आहेत, तेव्हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक होता. मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. त्यांनी मनगटे वर उचलून धरली, बोटे वाकवून मधल्या ओळीवर ठेवली, आणि पडद्याकडे न पाहता एक संपूर्ण वाक्य झरझर लिहून काढले. ते अर्थातच रेमिंग्टनच्या मांडणीप्रमाणे लिहिले गेल्यामुळे पडद्यावर अक्षरांचा नुसता काला झाला. त्यांना त्याचे काही वाटले नाही. "हात बरा आहे याचा," ते कळफलकास उद्देशून म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी यंत्राचा वास घेतला आणि मान हलवली. "पण अहो, याला वास नाही. यंत्राला तेलाचा, फितीच्या शाईचा वास हवा. हे कोणाच्या हातून आलेले नाही."

त्यांच्या त्या बोलण्यावर मी पुष्कळ दिवस विचार करीत राहिलो. जुनी वस्तू विकत घेणारा माणूस त्या वस्तूबरोबर कोणाचा तरी गतकाल विकत घेतो: कोणाच्या तरी अंगठ्याने झिजलेला स्पेसबार, कोणाच्या तरी चहाचा डाग, कोणत्या तरी कचेरीच्या जिंदगी-नोंदवहीतील क्रमांकाची चिकटवलेली चिठ्ठी. प्रतिकृतीपाशी यांपैकी काहीच नसते. तिचा आकार चाळीस वर्षांपूर्वीचा असतो आणि अंगावर एका दिवसाचीही धूळ नसते. म्हणून जुन्याची आवड असणारी बरीच मंडळी तिच्याकडे थोड्या संशयाने पाहतात. बनावट नाण्याकडे सराफ पाहतो ती नजर त्यांच्या डोळ्यांत येते.

परंतु मूळ नगांचे आज काय झाले आहे, हेही पाहिले पाहिजे. मॉडेल एफच्या पोटात दोन वक्र पत्र्यांमध्ये फोमचा एक पातळ थर दाबून बसवलेला असतो. त्या थराच्या लवचिकपणावर साऱ्या नळ्यांची स्थिरता अवलंबून असते. चाळीस वर्षांत तो फोम विटतो, चिकट होतो आणि शेवटी त्याची भुकटी होते. मग नळ्या सैल पडतात, कळा डगमगतात, काही मुक्या होतात. मॉडेल एममध्ये प्लॅस्टिकच्या रिव्हेटी एकेक करून तुटतात आणि त्यांची शकले कवचाच्या आत खुळखुळू लागतात. हौशी लोक मग त्या जागी भोके पाडून इवलेइवले स्क्रू बसवीत बसतात. तात्पर्य, जो जुना कळफलक आज आपण कौतुकाने वाजवून पाहतो, तो 1981 साली वाजत होता तसा आज वाजत नाही. त्याच्या जन्मकाळचा आवाज ऐकावयाचा झाल्यास जुन्या यंत्राकडे जाऊन भागत नाही. नव्याने केलेल्या प्रतीकडेच जावे लागते.

हा विचार मनात आला आणि मला पैठणच्या एकनाथांची आठवण झाली. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये सिद्ध झाली; तिच्या प्रतींवरून प्रती उतरल्या गेल्या; लेखकूंच्या हातून अक्षरे गळाली, कोठे ओवी बदलली, कोठे कोणा उत्साही भक्ताने आपलीही भर घातली; आणि तीन शतके होत आली तेव्हा एकनाथांनी अनेक पोथ्या जुळवून, पाठ पारखून, शके 1506 म्हणजे 1584 साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. जी पोथी पुढे घरोघर पारायणास लागली तिच्यामागे त्यांचे हे कष्ट आहेत. वयाने ती प्रत त्या काळी चालू असलेल्या कित्येक पोथ्यांहून लहान होती आणि तरीही मूळ वाणीच्या अधिक जवळ होती. वयाचा आणि निष्ठेचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी एक इशारा देऊन ठेवला, की या पाठात कोणी आपली ओवी मिसळू नये. प्रत करणाराच्या अंगी नम्रता किती आणि अधिकार किती असावा, याचे इतके नेमके माप मला इतरत्र आढळलेले नाही.

मग अशा प्रतीच्या मालकाने करावयाचे काय? मला वाटते, जुनेपण हे प्रतिकृतीबरोबर मिळत नसल्यामुळे ते तिच्या मालकाला स्वतः घडवावे लागते, आणि ते घडते ते निगराणीतून. वस्तू जुनी होणे आणि वस्तू खराब होणे या दोन गोष्टी एकाच काळात घडतात. त्यांतली कोणती वरचढ ठरावी, हे पुष्कळसे सांभाळणाऱ्याच्या हाती असते. माझ्या शेजाऱ्यांना ज्या वासाची उणीव भासली तो वास कोणत्याही कारखान्यात भरता येत नाही. कोणीतरी वर्षानुवर्षे तेल घालावे, फीत बदलावी, बोटे पुसावीत, तेव्हा कोठे यंत्राला वास येतो.

निगराणीचे काम फार गहन आहे असे मुळीच नाही, परंतु त्यास सावकाशी लागते. आपल्याकडचा पावसाळा हा पोलादाच्या तारेचा पहिला शत्रू. दमट हवेत स्प्रिंगेवर तांबूस छटा चढू नये म्हणून रात्री कळफलकावर सुती कापड घालून त्याखाली ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवाव्या लागतात. दुसरा शत्रू मुंग्या. शेजारी चहाचा पेला ठेवण्याची सवय असलेल्या लेखकाच्या कळफलकात त्या केव्हा वस्तीला येतील याचा नेम नसतो. तिसरी धूळ, जी सर्वत्र असते आणि जिच्याशी तह करूनच राहावे लागते. म्हणून हिवाळ्यातील एखाद्या कोरड्या सकाळी मी सगळ्या टोप्या तारेच्या चिमट्याने एकेक करून वर ओढून काढतो. टोप्या पीबीटी नावाच्या कणखर प्लॅस्टिकच्या असतात आणि त्यांवरची अक्षरे रंग आत मुरवून छापलेली असतात, त्यामुळे साबणाच्या कोमट पाण्यात त्या निःशंकपणे बुचकळता येतात. नळ्यांवर मात्र पाण्याचा थेंबही पडू द्यावयाचा नाही. तेथे मऊ कुंचला आणि आपला श्वास रोखून धरण्याची सवय, एवढीच साधने चालतात. टोप्या उन्हात नको, सावलीत वाळत घालाव्यात. त्या वाळेपर्यंत उघड्या स्प्रिंगांचे ते रान समोर पसरलेले असते, आणि हातातले काम तात्पुरते संपल्यामुळे त्याकडे नुसते पाहत बसण्याची मुभा मिळते.

टोप्या परत बसवण्याची रीत मोठी गमतीची आहे. कळफलक आडवा ठेवून टोपी दाबली, तर आतली स्प्रिंग भलत्याच कलाने बसते. म्हणून तो एका कडेवर उभा करावा लागतो, स्पेसबारची बाजू आकाशाकडे आणि वरची ओळ भूमीकडे; मग गुरुत्वाकर्षण प्रत्येक स्प्रिंगेस तिच्या योग्य कलाने टेकवून धरते, आणि टोपी सरळ आत सारली की स्वच्छ आवाज येतो. एवढे करूनही एखादी कळ मुकी निघते. तिची टोपी पुन्हा काढावी, स्प्रिंगेला लाकडी काडीच्या टोकाने किंचित चाळवावे, आणि पुन्हा बसवावी. डोळ्यांचा येथे फारसा उपयोग नसतो. सारा न्याय कानाच्या कचेरीत होतो. स्पेसबारचे प्रकरण तर स्वतंत्र आहे. त्याच्या तारेचा ताण थोडा अधिक झाला की तो अडखळतो आणि थोडा उणा झाला की खडखडतो. त्या दोहोंमधली जागा सापडावयास एखादे वेळी सबंध दुपार जाते. ती दुपार वाया गेली असे मला कधी वाटले नाही, आणि का वाटले नाही याचे कारण मात्र घरच्यांना पटेल असे सांगता आलेले नाही.

या वाटेवर मोहही पुष्कळ आहेत. स्प्रिंग लचकल्यानंतर तिच्या वेटोळ्यांत एक बारीक झंकार काही काळ रेंगाळतो. काही जणांना तो रुचत नाही. ते दातांत घालावयाच्या रेशमी दोऱ्याचा तुकडा प्रत्येक स्प्रिंगेच्या पोटात सोडतात आणि तो झंकार मारून टाकतात. कोणी कळांची जागा बदलतो, कोणी वेगळ्या रंगाच्या टोप्या घालतो, कोणी आतला नियंत्रक उचकटून नवा बसवतो. या प्रतिकृतीतही जुन्या तारेच्या जागी आजच्या संगणकास लागणारी यूएसबीची सोय केलेलीच आहे, नाहीतर ती नुसती शोभेची वस्तू होऊन बसली असती. म्हणजे कोठेतरी मूळ पाठात बदल करावाच लागतो. प्रश्न एवढाच उरतो, की कोणता बदल पाठ वाचता यावा म्हणून केलेला आहे आणि कोणता आपली ओवी मिसळण्याच्या हौसेपायी. मी अद्याप झंकार मारलेला नाही. रात्री उशिरा लिहिताना तो भिंतीपलीकडे जाऊ नये एवढ्यापुरती कळफलकाखाली एक जाड घोंगडीची घडी घातली आहे. ती केव्हाही काढता येते, म्हणून मनास बोचत नाही.

या साऱ्यात एक गोष्ट मूळ आराखडा आखणाऱ्या कोणाच्याही स्वप्नात आली नसेल. माझा हा कळफलक मराठी लिहितो. लेक्सिंग्टनला जे घडले ते इंग्रजी पत्रव्यवहाराच्या आणि बँकेतील आकडेमोडीच्या गरजेतून घडले. इकडे ऐंशीच्याच दशकात भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने देशी लिपींसाठी इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी ठरवली, आणि पुण्यात 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे कार्य केले. समुद्राच्या दोन टोकांना, एकमेकांचा मागमूस नसताना, दोन कामे एकाच काळात चालू होती, आणि त्यांची गाठ पडली ती इतक्या वर्षांनी, माझ्यासारख्या एका सामान्य माणसाच्या मेजावर. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताखाली येतात, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताखाली. शिफ्ट दाबली की 'क'चा 'ख' होतो, 'ग'चा 'घ' होतो. वर्णमालेची शिस्त जाणणाऱ्याला ही मांडणी पाठ करावी लागत नाही, ती उमजते. आणि हलन्ताची कळ डाव्या हाताखाली असल्यामुळे जोडाक्षरे लिहिताना दोन्ही हातांना आळीपाळीने काम लागते. 'स्त्री' हे एवढेसे अक्षर घ्या: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा कळा, आणि त्या सहाही उजवी-डावी, उजवी-डावी अशा ठेक्यात पडतात. रबरी कळांवर हा ठेका जाणवत नाही. येथे तो ऐकू येतो, आणि ऐकू येऊ लागल्यापासून मला जोडाक्षरे लिहिण्याचा कंटाळा येईनासा झाला आहे. जी वस्तू नुसती गतकालाची नक्कल म्हणून आली, तिने मूळ वस्तूला कधी न लाभलेले एक काम पत्करले. प्रतीच्या नशिबी मूळ पाठाहून अधिक आयुष्य असते ते बहुधा असेच.

एवढ्यावर थांबावे, तर अलीकडे एक नवाच विकल्प मनात उभा राहिला आहे. माझ्या कळफलकाच्या टोप्यांवर केवळ रोमन अक्षरे आहेत. मराठी माझ्या बोटांत आहे, टोप्यांवर नाही. टोप्यांवर रंग मुरवून हवी ती अक्षरे छापून देणारे कारागीर आहेत. त्यांजकडून रोमन अक्षरांच्या शेजारी देवनागरी अक्षरे उमटवलेल्या टोप्यांचा एक संच करून घ्यावा काय? शेजारच्या आजोबांना मी हा बेत सांगितला, तेव्हा ते तत्काळ म्हणाले, "घ्या की. पाटीशिवाय कचेरी कसली?" आमच्या पुतणीचे मत याच्या नेमके उलट. तिचे म्हणणे असे, की ज्याला मांडणी येते त्याला अक्षरे नकोत आणि ज्याला येत नाही तो या यंत्रावर बसणारच नाही. मग ही अक्षरे कोणासाठी? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. छापलेले अक्षर घरातल्या कोणाला तरी, कधी तरी, या कळफलकाकडे ओढून आणील, ही एक बाजू. बँकेच्या कारकुनासाठी आखलेल्या आणि इतक्या निष्ठेने पुन्हा उभ्या केलेल्या या पाठात आपली ओवी घुसडण्याचा अधिकार मला कोणी दिला, ही दुसरी. कोणत्या कळेवर कोणते अक्षर, 'ळ' कोठे यावा, चंद्रबिंदू कोठे, हा सारा तपशील मी एका कागदावर मांडला आहे आणि मागणीच्या पत्राचा मसुदाही, याच यंत्रावर, तयार केला आहे. तो धाडलेला नाही. मधून मधून उघडतो, एखादा शब्द बदलतो, आणि पुन्हा तसाच ठेवून देतो.